ती पाण्यात असेल

बाबांची टोपी पडली आणि कश्मिराला कळलं, घरातलं कुणीतरी गेलं आहे. स्टेशनाबाहेर तिची मोठी बॅग ऑटोच्या मागच्या कप्प्यात कोंबायला ते वाकले, दोन्ही हात गुंतलेले, आणि टोपी घसरून त्यांच्याच बुटावर पडली. ऑटोवाला म्हणाला, "साहब, आपकी टोपी." बाबांनी ती उचलून न झटकताच डोक्यावर ओढली. तेवढ्यात तिला जे दिसायचं ते दिसलं होतं. छावणीत नव्यानं भरती झालेल्या पोरांसारखे बारीक केस, आणि मागे टाळूपाशी चार केसांची एक लांब बट. उन्हाळ्यासाठी कुणी केस कापून घेतले तर न्हावी शेंडी ठेवत नाही. एवढं कळायला जर्मनीत जाऊन शिकायची गरज नव्हती. मग मिशीकडे लक्ष गेलं. बाबांची मिशी ही घरातली एक वस्तूच होती, ती कधी जागची हललेली कश्मिरानं पाहिली नव्हती. आता तिथे कॉलेजातल्या मुलाची असावी तशी कोवळी लव होती, फक्त अर्धी पांढरी. फलाटावर त्यांना पाहिलं तेव्हा ती हसून म्हणाली होती, "बाबा, मार्चमध्ये लोकरीची टोपी?" आणि ते म्हणाले होते, "सर्दी झालीय जरा." तिनं मान डोलावली होती. सहा महिन्यांनी भेटलं की माणसं थोडी वेगळी दिसतातच, असं धरून चालली होती.

ऑटोत बॅग दोघांच्या मधे होती. रेल्वेच्या पुलावर चढताना ऑटो कण्हायला लागली आणि कश्मिरा मनातल्या मनात घरातली माणसं मोजू लागली. मोजण्यासारखी होती तरी किती. आईशी काल दिल्लीच्या विमानतळावरून बोलणं झालं होतं, भरली वांगी करू की आमटीभात यावर. बाबा शेजारी बसले होते. राहिले अण्णा, बाबांचे वडील. बाबांनी ज्याच्यासाठी डोकं भादरावं असं घरात दुसरं माणूसच नव्हतं. हे सगळं इतक्या सरळ हिशेबात बसलं की तिला आपल्याच डोक्याचा राग आला. त्यानं थोडं अडखळायला हवं होतं. तिनं विचारलं नाही. विचारलं नाही तोवर अण्णा मागच्या खोलीत खाटेवर बसलेले होते, एक पाय दुमडून, दुसरा खाली सोडून, आणि चप्पल पायाच्या अंगठ्यानं चाचपत होते. बाबांनीही सांगितलं नाही. "गाडी वेळेवर आली म्हणायची," ते म्हणाले. "हो." "दिल्लीत गारठा होता?" "थोडासा." पुलाच्या उतारावर त्यांनी बॅगेला हात लावून धरला, ती पडेल म्हणून, आणि प्रेमनगर येईपर्यंत काढला नाही. त्यांच्या बोटांवर कारखान्यातल्या पंचवीस-तीस वर्षांचे बारीक डाग होते. ते सगळे होते तिथेच होते, आणि त्याचा तिला उगीचच आधार वाटला.

अण्णांना ती जे सांगायची त्याला त्या दोघांत नाव नव्हतं, पण तो एक नेम होता. आजी गेल्यावर कराडचं घर बंद करून अण्णा झाशीला लेकाकडे आले तेव्हा कश्मिरा शाळेत होती. त्यांना इथे बोलायला कुणी नव्हतं. हिंदी त्यांना येत होती असं फक्त त्यांनाच वाटायचं. भाजीवाल्याला ते "भैया, जरा बाजू को होना" म्हणत आणि तो बिचारा भेंडी उचलून बाजूला ठेवी. मग दिवसभराचं साठलेलं मराठी ते तिच्यावर काढत. ती शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आत विचारत, "काशे, आज काय काय केलंस?" कश्मिरा हे नाव त्यांना मुळीच पसंत नव्हतं. बाबा लग्नानंतर कुठे फिरायला गेले होते ते साऱ्या गावाला कळवायची काय गरज होती, असं ते आईच्या देखत म्हणत आणि आई पदर तोंडाला लावून आत पळे. तर काशी. आणि "काही नाही" हे उत्तर त्यांना चालत नसे. "काही नाही करायलासुद्धा दिवस लागतो, तो कसा गेला ते सांग." मग ती सांगे. संध्याकाळी छावणीच्या त्या शांत रस्त्यांवर, जिथे पानंसुद्धा हुकूम असल्यासारखी कडेला झाडून ठेवलेली असत, ती सायकल हळूहळू चालवायची आणि अण्णा शेजारून चालायचे. सगळं सांगून झाल्याशिवाय परत फिरायचं नाही. कधीकधी ती काहीबाही रचून सांगत असे, कारण खरा दिवस लवकर संपायचा आणि रस्ता उरायचा. अण्णांना ते कळत असणार. ते फक्त म्हणत, "बरं, पुढे?"

ड्रेस्डेनला गेल्यावर पहिले काही आठवडे तिला हाच प्रश्न भेडसावत होता, पुढे काय. लेक्चर दुपारी संपत. त्यानंतर वसतिगृहातली ती खोली, तिची ती एक खिडकी, आणि चारला पडणारा अंधार. एकदा अण्णांनी फोनवर विचारलं, "आज काय काय केलंस?" आणि ती "काही नाही" म्हणाली, आणि पलीकडे ते इतका वेळ गप्प राहिले की तिला वाटलं फोन तुटला. दुसऱ्या दिवशी तिनं विद्यापीठात जे जे शिकवत होते त्या सगळ्यांत नाव घातलं. जर्मन भाषेचा संध्याकाळचा वर्ग, बुधवारी गाणाऱ्यांचा जथा, त्यात ती मागच्या रांगेत उभी राहून न कळणारे शब्द जोरात म्हणे, शुक्रवारी सायकली दुरुस्त करायला शिकवणारं एक तळघर, आणि गुरुवारी दुपारी पोहण्याचा वर्ग. झाशीच्या मुलीला पोहता येण्याचं काही कारण नव्हतं. ओरछ्याला बेतवेच्या काठावर ती अण्णांबरोबर कितीदा बसली होती, पण दोघांनी घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नव्हतं. अण्णांच्या लहानपणी त्यांचा एक मित्र कृष्णेत बुडाला होता. पाण्याचं नाव काढलं की ते विषय बदलायचे.

म्हणून पोहण्याचं सांगितलं तेव्हा ते चिडतील असं तिला वाटलं होतं. चिडले नाहीत. तलाव किती खोल, पाणी गार की कोमट, शिकवणारी बाई स्वतः पाण्यात उतरते की काठावरून ओरडते, असं खोदून खोदून विचारलं. मग कुठला वार, किती वाजता, आणि तेव्हा इथे किती वाजलेले असतात. इथे संध्याकाळ. थोड्याच दिवसांत आईनं सांगितलं की अण्णांनी तिचा सगळा आठवडा पाठ केला आहे. सोमवारी चहा पिता पिता म्हणतात, पोरगी लॅबमध्ये असेल. बुधवारी, आता गात असेल, देव त्या जर्मनांचं भलं करो. आणि गुरुवारी संध्याकाळी मात्र बोलत नाहीत, आतबाहेर करतात. कश्मिरा तेव्हा हसली होती. हळूहळू त्या वर्गांची तिला खरीच गोडी लागली. सायकलच्या तळघरात मित्र झाले, शनिवारी त्यांच्याबरोबर पाव भाजणं सुरू झालं, गाण्याचा कार्यक्रम ठरला. आठवडा भरला, भरून सांडायला लागला, आणि ज्यांना सांगायला तो भरला होता त्यांना सांगायलाच वेळ उरेना. मग ती बाबांच्या फोनवर अण्णांसाठी बोलून पाठवू लागली, रस्त्यानं जाता जाता, धापा टाकत. फेब्रुवारीत बाबा म्हणाले, फोनचा कॅमेरा बिघडलाय. आई म्हणाली, अण्णांना हल्ली फोनवर ऐकू येत नाही, ते झोपलेत, ते आत्ताच जेवलेत. प्रत्येक वेळी तिला वाईट वाटलं होतं आणि त्याच्या आधी, अगदी थोडा वेळ, सुटल्यासारखं वाटलं होतं. आता ऑटो गल्लीत वळत असताना तिला वाईट वाटलेलं काही आठवेना. सुटल्यासारखं वाटलेलं तेवढं आठवत होतं.

आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. डोळ्यांना पाणी लावलं. "किती वाळलीस गं," म्हणाली, ते ती नेहमीच म्हणते. कश्मिरा बूट न काढता सरळ मागच्या खोलीत गेली. खाट नव्हती. खाटेच्या जागी इस्त्रीचं टेबल आणि त्यावर बाबांचे शर्ट, घड्या घातलेले. खाट मागच्या ओसरीत भिंतीला उभी करून ठेवली होती आणि तिच्या दोरीवर मिरच्या वाळत होत्या. भिंतीवर अण्णांचा फोटो होता. हार सुकला होता आणि कुणाला तो बदलायची घाई नव्हती. सगळ्यात जास्त तिला त्या हारानं धक्का दिला. ताजा असता तर ती रडली असती.

"आधी चहा घे," आई मागून म्हणाली.

"कधी गेले?"

आईनं पदर हातात घेतला. बाबा दारात उभे होते, टोपी काढून. "तुझे पेपर सुरू व्हायच्या आधी. छातीत कफ झाला होता. फार त्रास नाही झाला गं त्यांना."

"आणि मला?"

"तुझं सेमिस्टर चालू होतं ना," आई म्हणाली. तिनं तो शब्द इतका हळू उच्चारला, घरात मूल झोपलेलं असावं तसा. "अधेमधे उठून आली असतीस, वर्ष गेलं असतं. येऊनही काय, तू पोचेपर्यंत थांबता थोडंच आलं असतं. आम्ही दोघांनी ठरवलं की परीक्षा होऊ दे." मग तिला एकदम रडू आलं, पण ते रडू जुनं होतं, वापरलेलं. ते लवकर थांबलं. आईनं नाक पुसलं आणि म्हणाली, "डोक्यावरून पाणी घे आणि मोकळी हो. पाणी तापलंय. मग जेवू."

कश्मिराला राग आला हे खरं, पण तो कुणावर काढावा ते कळेना. समोर दोन माणसं होती, दोघं थकलेली, दोघांनी तिच्यासाठी वांगी भरलेली. तिनं विचारलं, "तुम्ही सुतक पाळलंत?"

"पाळलं की. दहा दिवस. सगळं रीतीनं केलं. दामोदर गुरुजी येत होते खंडेराव गेटहून."

"मग मला नाही का सुतक?"

आई बाबांकडे बघायला लागली. ही मुलगी कधी चतुर्थी कुठल्या दिवशी येते तेही विचारायची नाही. "अगं, हल्ली कोण धरून बसतं," आई म्हणाली. "गुरुजींना विचारा," कश्मिरा म्हणाली. बाबांनी फोन लावला, आवाज मोठा केला. गुरुजी आधी हिंदीत खोकले आणि मग त्यांच्या त्या जुन्या, ग्वाल्हेरच्या वळणाच्या मराठीत म्हणाले, "दहा दिवस उलटल्यावर वार्ता कानी आली, तर ऐकल्यापासून तीन रात्री. शास्त्र असं आहे. पण कमलाकरजी, बिटिया इतकी लांबून आलेली, नुसतं स्नान केलं तरी दोष नाही." कश्मिरा फोनजवळ गेली. "तीन रात्री चालतील, गुरुजी," ती म्हणाली. मग ते म्हणाले, "जैसी तुम्हारी इच्छा, बेटा."

अशा रीतीनं त्या घरात एका माणसाचं सुतक सुरू झालं. इस्त्रीचं टेबल बाहेर गेलं, जमिनीवर चटई आली. आई ताट दारापाशी ठेवी आणि मागे सरके, आणि ते ठेवताना भांड्याचा जरा जास्तच आवाज करी. तिला हे सगळं अंगावर आल्यासारखं वाटत असणार, आपल्याला शिक्षा चालली आहे असं. कश्मिराला शिक्षा करायची नव्हती. तिला रडायला एक जागा हवी होती आणि या घराचं रडून झालं होतं. स्वयंपाकघरात फोडणी तडतडत होती, बाबा पेपरातली कोडी सोडवत होते, समोरच्या अम्मा पोरगी कधी आली म्हणून फाटकातून हाका मारत होत्या, "काए बिन्नू, कबै आईं?" आणि आई त्यांना दबक्या आवाजात सांगत होती की वो, जरा, अभी अंदर है. शोक करायला दहा दिवस दिलेले असतात. त्या दहा दिवसांत सगळे मिळून रडतात, कुणीतरी पिठलंभात आणून देतं, कुणीतरी गेलेल्या माणसाची गंमत सांगतं आणि सगळे रडता रडता हसतात. हे दहा दिवस इथे होऊन गेले होते, आणि ती तेव्हा तिकडे पाव भाजत होती. आता अण्णांची गंमत तिला कोण सांगणार. आईबाबांकडच्या सांगून संपल्या होत्या.

रडू आलंच नाही. दुपारभर ती चटईवर पडून छताकडे बघत होती. पंख्याच्या पात्यांवर धूळ होती, म्हणजे अण्णा गेल्यापासून या खोलीत तो कुणी लावला नव्हता. खोलीला अजून त्यांचा वास येईल असं तिला वाटलं होतं. वास मिरच्यांचा येत होता. तिनं डोळे मिटून त्यांचा आवाज आठवायचा प्रयत्न केला आणि तिला आठवला तो गाण्याच्या वर्गातला, मागच्या रांगेतल्या त्या उंच मुलाचा, तोच तोच चुकणारा खालचा सूर. ती दचकून उठून बसली. दाराशी आई ताट उचलायला आली होती. "कुठला वार होता?" कश्मिरानं विचारलं. आईला पुढचं विचारावं लागलं नाही. "गुरुवार. संध्याकाळी. दिवेलागण व्हायची होती."

मग तिनं फोन काढला. तो गुरुवार शोधायला वेळ लागला नाही. त्या दिवशीचा फोटो होता, तलावाच्या काचेच्या इमारतीबाहेर, ओले केस, लाल नाक, तोंडभर हसू, मैत्रिणीनं काढलेला. त्या दिवशी ती पहिल्यांदा पाण्यावर पडली होती, पाठीवर, हात न मारता. इतके आठवडे ती बुडत होती, पाय खाली जायचे, मान ताठ व्हायची, आणि त्या दिवशी नाही बुडाली. घरी जाताना ट्रामच्या थांब्यावर उभी राहून तिनं अण्णांसाठी भलामोठा संदेश बोलून पाठवला होता. थंडीनं जीभ वळत नव्हती आणि ती मधेमधे हसत होती. तिनं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. त्या चेहऱ्यात काहीतरी दिसेल असं तिला वाटत होतं, एखादी सावली, एखादी शंका. आपलं माणूस जात असताना शरीराला कुठेतरी कळत असेल की नाही? नव्हतं कळलं. तो एका सुखी मुलीचा चेहरा होता. आयुष्यात ती इतकी खूश फार वेळा झाली नव्हती आणि आता तो दिवस तिला परत घेता येत नव्हता आणि टाकताही येत नव्हता. त्या संदेशाखाली, दुसऱ्या दिवशी सकाळचं, बाबांच्या फोनवरून आईनं लिहिलेलं उत्तर होतं. "अण्णा खूश झाले." आईनं ते कसं लिहिलं असेल? घरात माणसं जमलेली, हात ओले, डोळ्यांना नीट दिसत नसणार. कश्मिरानं ताट घेऊन चाललेल्या आईला तो फोन लांबूनच दाखवला. आईनं वाचलं. "काय लिहिणार होते मी?" ती म्हणाली, आणि मग, "झाले असते की खूश." मग ती ताट घेऊन आत गेली.

तिसरी रात्रही सरली. पहाटे झोप लागली असावी, कारण जाग आली तेव्हा खोलीत ऊन होतं आणि बाबा चटईच्या कडेला बसलेले होते. टोपी नव्हती. कारखान्यात जायचे कपडे घातले होते, पण पायात काही नव्हतं.

"आज फिटतं तुझं," ते म्हणाले. "पाणी तापत ठेवलंय आईनं."

"हं."

त्यांनी हात पुढे केला आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"बाबा, शिवू नका. तुम्हाला परत आंघोळ करावी लागेल."

"करीन." हात त्यांनी तिथेच ठेवला. म्हणाले, "त्या दिवशी गुरुवार होता."

"आईनं सांगितलं."

"दुपारपासून श्वास लागला होता. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले आता हलवू नका. मी विचारलं, अण्णा, काशीला फोन लावू? त्यांनी विचारलं, आज वार कोणता. म्हटलं, गुरुवार. तर म्हणाले, नको नको. ती पाण्यात असेल. फोन वाजला तर गडबडेल. बुडायची."

फोन कपाटात असतो, कुलूप लावून, आणि पोहताना तो कुणाला ऐकू येत नाही, असं कश्मिराच्या अगदी ओठांवर आलं. हे तिनं अण्णांना कधी सांगितलं नव्हतं. पाणी किती खोल ते सांगितलं होतं, कोमट असतं ते सांगितलं होतं, बाई काठावर नाही, पाण्यात उभी असते हेही सांगितलं होतं. फोनचं त्यांनी विचारलं नव्हतं आणि तिला सुचलं नव्हतं.

"बाहेर आली की लाव, म्हणाले. मी घड्याळाकडे बघत बसलो. सहादा तरी विचारलं त्यांनी, आली का बाहेर. म्हटलं, अजून थोडा वेळ." "तू बाहेर यायच्या आत गेले. तुझा तो संदेश आला तेव्हा त्यांना जमिनीवर घेतलं होतं. खिशात फोन वाजला. मी बघितलं, तू होतीस. म्हटलं, आली बाहेर."

"मग तेव्हा का नाही लावलात?"

"लावणार होतो. मग वाटलं, रात्री एकटी असशील. सकाळी तुझी लॅब. मग पेपर. मग गाण्याचा कार्यक्रम. रोज काहीतरी होतंच. अण्णांनी सगळं आम्हाला पाठ करायला लावलं होतं, त्यामुळे रोज कळायचं की तू आत्ता कशात आहेस. तू बाहेर आलीस असं कधी वाटलंच नाही बघ." ते भिंतीवरच्या फोटोकडे बघत होते. "चुकलं असेल. म्हणजे, चुकलंच."

ती उठून बसली. बाबांच्या डोक्यावरचे केस जवळून मऊ दिसत होते, लहान मुलाचे असतात तसे. "तुम्ही रडलात?" तिनं विचारलं.

"कधी रडणार? तुझा फोन कधी येईल सांगता येतं का? आवाज जरा बसलेला असला की तू लगेच ओळखतेस." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. कारखान्यातली एखादी अडचण सांगावी तसं सांगितलं.

समोरच्या घरात कुणीतरी हातपंप मारत होतं. तो थांबला. बाबा म्हणाले, "मी ऐकला नाही तो संदेश. अण्णांसाठी होता. काय होतं त्यात?"

फोन उशाशीच होता, ऐकवता आला असता. तिला त्या ट्रामच्या थांब्यावरच्या मुलीचा आवाज ऐकवत नव्हता. म्हणून तिनं सांगायला सुरुवात केली, बाबांना, पण बघत होती ती जिथे खाट असायची तिकडे. आज काय केलं, तर पाण्यावर पडले. पाठीवर पडायचं असतं आणि कान पाण्यात जाऊ द्यायचे असतात, तीच भीती असते, कान बुडाले की जग बंद होतं. मान सैल सोडायची. बाई पाठीखाली हात धरते. बाई म्हातारी आहे, अण्णा, तुमच्याएवढी नाही, पण आहे, आणि तिचा हात खरखरीत आहे. ती म्हणते, छताकडे बघ, दिवे मोज. मी दिवे मोजत होते. मोजून झाले आणि बघते तर बाई लांब उभी. हात केव्हाच काढला होता तिनं. मला कळलंसुद्धा नाही. मी तशीच पाण्यावर. मी ओरडले, सांगितलं का नाही, तर म्हणाली, सांगितलं असतं तर बुडाली असतीस. मार्चमध्ये आले की आपण ओरछ्याला जाऊ. तुम्हाला शिकवते. हात मी धरते, आणि काढणार नाही, काढला तर सांगून काढीन.

एवढंच होतं त्यात. बाबा मान खाली घालून ऐकत होते. "बरं," ते म्हणाले. पुढे ते काही म्हणाले नाहीत. अण्णा "पुढे?" म्हणाले असते.

"पण तिनं लगेच सांगितलं, बाबा," कश्मिरा म्हणाली. "हात काढला ते तिनं मला तिथल्या तिथे, विचारल्याबरोबर सांगितलं."

"हो," बाबा म्हणाले.

आईची हाक आली, पाणी काढलंय. कश्मिरा उठली. न्हाणीघरात बादली काठोकाठ भरली होती, वाफ येत होती, पाटावर कोरडे कपडे ठेवले होते. तिनं पहिला तांब्या डोक्यावर ओतला. पाणी केसांतून कानांत शिरलं आणि क्षणभर तेच झालं, तलावातलं, सगळं लांब गेलं. आता फिटलं. आता अण्णा गेले. या घराच्या लेखी केव्हाचे, तिच्या लेखी आत्ता. मग कानातलं पाणी निथळलं आणि तिला आवाज आला. आधी वाटलं नळाची चावी कुरकुरते आहे. भिंतीपलीकडे मागची खोली होती. कुणीतरी तोंडात काहीतरी कोंबून रडत होतं, आणि ते कोंबलेलं पुरं पडत नव्हतं. बाबांना रडताना तिनं कधी ऐकलं नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला. ती घरातच होती, आता तिचा फोन येणार नव्हता. ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली आणि तो आवाज एकदम थबकला. इकडचं पाणी थांबलं की तिकडचं ऐकू जातं, हे त्यांच्या लक्षात आलं असणार. तिनं लगबगीनं तांब्या बुडवला आणि ओतला, आणखी एक, आणखी एक, डोक्यावर, खांद्यावर, नुसतं फरशीवर, जेवढा आवाज होईल तेवढा. मग भिंतीपलीकडे पुन्हा सुरू झालं, आधी बिचकत आणि मग नाही. तिचंही सुरू झालं होतं, पण ते पाण्यात मिसळत होतं. बादली तळाला गेली. आई दारावर टकटक करून म्हणाली, "काशी, पुरे गं. झालं की."

"आले," कश्मिरा म्हणाली, आणि तिनं नळ मोठा सोडला.